मूळ औषधाला जोड : हिपॅटायटिस सी च्या उपचारांचा इतिहास



आज वैद्यकाच्या इतिहासातलं एक प्रकरण मांडणार आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. त्यामुळे कुणी कोणतं औषध घ्यावं किंवा घेऊ नये हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. माझा विषय असा आहे : एखाद्या रोगावर ठरलेला उपचार आहे, पण तो अपुरा पडतो. मग डॉक्टर त्याला दुसऱ्याच रोगाचं औषध जोडून बघतात. आता या जोडीचा खरोखर उपयोग झाला, की झाल्यासारखा नुसता वाटला, हे कळायचं कसं?

या प्रश्नात मी शिरलो त्याला एक निमित्त झालं. २००४ सालची गोष्ट. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला हिपॅटायटिस सी निघाला. वीसेक वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा. विषाणूचा प्रकार तिसरा, म्हणजे आपल्याकडे जो जास्त आढळतो तो. उपचार ठरले : आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, असं २४ आठवडे. त्याच्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी सुचवली, अमँटाडीन. ही मुळात फ्लूची गोळी आहे, या आजारासाठी मंजूर नाही, पण काही ठिकाणी देऊन बघतात, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. हा माझ्याकडे आला. म्हणाला, "अरे, तू तर्कशास्त्राचा माणूस. घेऊ की नको?" मी विचारलं, "ती काम कशी करते ते सांगितलं का?" तेही सांगितलं होतं. विषाणूच्या एका प्रथिनातून आयनांची ये-जा होते, ती वाट ही गोळी बुजवते म्हणे. मला ते स्पष्टीकरण चोख वाटलं. मी म्हटलं, "मग घे की."

तो बरा झाला. पण मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता. हे कळायला मला काही वर्षं लागली. कसं ते आज सांगतो.

सुरुवात जरा मागून करू या. १९७० च्या दशकात अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर हे रक्त चढवलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. रक्तातून होणाऱ्या यकृतदाहाचं कारण म्हणजे बी विषाणू, असा समज होता. ए आणि बी दोन्हींच्या तपासण्या हाती आल्या, आणि १९७५ च्या सुमारास लक्षात आलं की पुष्कळ रुग्णांत ना ए आहे, ना बी. तेव्हा त्या रोगाला नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. आपल्याकडे ब्रह्माचं वर्णन 'नेति नेति' असं करतात, तसंच हे. काय आहे ते ठाऊक नाही, काय नाही तेवढं ठाऊक आहे.

आणि गंमत बघा, विषाणू सापडायच्या आधीच उपचार सुरू झाला! इंटरफेरॉन हा शरीरातच तयार होणारा पदार्थ. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी तो शोधला. जे. हूफनागल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉन-ए, नॉन-बी च्या १० रुग्णांना तो दिला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. १० पैकी ८ जणांची यकृताची एन्झाइम्स खाली आली. विषाणू मोजण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो कुणी पाहिलेलाच नव्हता. तो ओळखला गेला १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत, मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांच्या कामातून. १९९१ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला हिपॅटायटिस सी साठी मंजुरी मिळाली.

म्हणजे ज्याला आपण पुढे 'प्रमाण उपचार' म्हणू लागलो, तोही आरंभी दुसरीकडून उसना आणलेलाच होता. हे लक्षात ठेवा. कारण 'लेबलाबाहेरचं औषध' म्हटलं की काहीतरी चोरटं चाललंय असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर १९६२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की औषध गुणकारी आहे हे कंपनीनं सिद्ध करावं. ज्या रोगासाठी सिद्ध केलं तो लेबलवर छापायचा. कंपनीनं त्यापलीकडे जाहिरात करायची नाही. पण डॉक्टरनं ते दुसऱ्या रोगाला द्यायला मनाई नाही. लेबल सांगतं ते आजवर काय सिद्ध झालं एवढंच. उद्या काय सिद्ध होईल हे त्याला कसं ठाऊक असणार? तेव्हा लेबलाबाहेर जाणं हा गुन्हा नाही आणि शहाणपणाही नाही. ते एक गृहीतक आहे, आणि गृहीतकाची परीक्षा करावी लागते.

एकट्या इंटरफेरॉननं फार थोड्यांचं भलं झालं. आठवड्याला तीन इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, काहींना तीव्र नैराश्य. एवढं सोसून सहा महिन्यांचा उपचार संपला की विषाणू बहुतेकांत परत यायचा. दहांतला एखाद-दुसरा कायमचा बरा व्हायचा. बाकीच्यांचं काय? त्यांतल्या काहींचं यकृत हळूहळू निबर होत सिरॉसिसकडे चाललेलं. त्यांना 'थांबा, संशोधन चालू आहे' असं सांगणं तर्काला धरून असेल, पण ज्याच्याकडे वेळ नाही त्याला ते कसं सांगायचं? जोड देण्याची धडपड इथून सुरू झाली. ती हावरेपणातून आली नाही, अगतिकतेतून आली.

पहिली जोड रिबाविरिनची. हा रेणू १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार झाला. अनेक विषाणूंवर चालेल अशी अपेक्षा होती. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती तान्ह्या मुलांच्या श्वसनमार्गाच्या एका संसर्गासाठी, तीही वाफेच्या रूपात. मधल्या काळात एड्सवर ते चालेल अशी मोठी आशा निर्माण झाली. अमेरिकेतले रुग्ण सीमा ओलांडून मेक्सिकोतून ते आणत. ती आशा फोल ठरली. म्हणजे या औषधाची पत काही फार चांगली नव्हती.

१९९१ मध्ये स्वीडनमधल्या ओले रायकार्ड आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस सी च्या १० रुग्णांना १२ आठवडे एकटं रिबाविरिन दिलं. एन्झाइम्स खाली आली. औषध थांबवलं, पुन्हा वर गेली. पुढे अमेरिकेत प्लासिबोशी तुलना करून मोठी चाचणी झाली. तिथंही तेच. एन्झाइम्स उतरतात, पण रक्तातला विषाणू जवळपास जिथल्या तिथे. आता मला सांगा, तुम्ही परीक्षक असता तर काय म्हणाला असता? एन्झाइम्स पाहिली असती तर पास केलं असतं. विषाणू पाहिला असता तर नापास. आणि दोन्ही निकाल चुकले असते! कारण त्याचं सामर्थ्य एकट्यात नव्हतंच.

इंटरफेरॉनच्या जोडीला ते दिल्यावर वेगळंच घडलं. नव्वदीच्या दशकात इटली, स्वीडन, तैवान इथं लहान लहान अभ्यास झाले आणि १९९८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतली मॅकहचिसन यांची ९१२ रुग्णांची. त्यात ४८ आठवडे एकटं इंटरफेरॉन घेतलेल्यांपैकी १३ टक्के बरे झाले, जोडी घेतलेल्यांपैकी ३८ टक्के. दुसरी पॉइनार यांची, ८३२ रुग्णांची. तिथं १९ टक्के आणि ४३ टक्के. आणि 'बरे झाले' म्हणजे काय? औषध संपल्यावर २४ आठवड्यांनी तपासलं तरी रक्तात विषाणू नाही. याला टिकाऊ प्रतिसाद म्हणतात. उपचार चालू असतानाची सुधारणा हिशोबात धरलेली नाही, हे महत्त्वाचं. त्याच वर्षी अमेरिकेत जोडीला मंजुरी मिळाली. पुढे इंटरफेरॉनचं दीर्घकाळ टिकणारं रूप आलं आणि हा आकडा निम्म्याच्या वर गेला. तिसऱ्या प्रकारात तर चारांपैकी तीन जण बरे होऊ लागले.

आपल्या वैद्यांना अनुपान ही कल्पना जुनीच. मात्रा मधातून द्यायची की तुपातून, यावर गुण अवलंबून असतो असं ते मानतात. रिबाविरिनचं मला तसंच वाटतं, पण ही केवळ उपमा आहे. ते नेमकं का काम करतं? रोगप्रतिकार शक्तीला वळण देतं, विषाणूच्या नकलांमध्ये चुका वाढवतं, पेशीतला कच्चा माल तोडतं, इंटरफेरॉनचा परिणाम वाढवतं, असे तीन-चार सिद्धान्त मांडले गेले. एकमत झालं नाही. लाखो लोकांनी जे औषध घेतलं त्याचं 'का' शेवटपर्यंत पूर्ण उलगडलं नाही, पण 'चालतं' हे पक्कं होतं.

याच्या नेमकं उलट अमँटाडीनचं.

अमँटाडीन साठच्या दशकात फ्लूसाठी आलं. १९६८ मध्ये बॉस्टनजवळ एका पार्किन्सनच्या रुग्ण बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून ते घेतलं आणि त्यांचा कंप, ताठरपणा कमी झाला. थांबवल्यावर पुन्हा वाढला. त्यांचे डॉक्टर रॉबर्ट श्वाब यांनी त्याची नोंद घेतली, आणखी रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष छापले. आज ते पार्किन्सनमध्ये वापरतात. म्हणजे लेबलाबाहेर जाऊन यश मिळवण्याचा या गोळीला आधीचा अनुभव होता!

१९९७ मध्ये इंटरफेरॉननं गुण न आलेल्या काही रुग्णांना अमेरिकेत ते देऊन पाहिलं गेलं. काहींना फायदा दिसला. मग इटलीत बोलोन्या इथल्या ब्रिलांती आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तीन औषधांचा अभ्यास छापला. आधी इंटरफेरॉन निष्फळ ठरलेले रुग्ण. तीन औषधं मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बरे, दोन मिळालेल्यांपैकी अगदी नगण्य. रुग्ण मात्र थोडे होते, सगळे मिळून ६०. तरी बातमी जगभर पसरली. २००३ मध्ये प्रयोगशाळेतून स्पष्टीकरणही आलं : फ्लूच्या विषाणूत अमँटाडीन जशी एक आयन-वाट बंद करतं, तशीच एक वाट हिपॅटायटिस सी च्या पी-७ नावाच्या प्रथिनात आहे, आणि अमँटाडीन तीही बंद करतं. माझ्या मित्राच्या डॉक्टरांनी सांगितलं ते हेच. कारण आहे, दाखला आहे, आधीच्या यशाचा इतिहास आहे. आणखी काय हवं?

हवी होती ती मोठी, आंधळी चाचणी. म्हणजे खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. अशी चाचणी जर्मनीत झाली आणि २००८ मध्ये छापून आली. पहिल्या प्रकारच्या विषाणूचे सातशेवर रुग्ण, अमँटाडीनचा डोसही नेहमीच्या दुप्पट. दोन्ही गटांत सुमारे निम्मे बरे झाले. फरक नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही फायदा हाती लागला नाही.

इथं एक दृष्टान्त आठवतो. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडते. काकतालीय न्याय. आपण मराठीत 'कावळा बसला आणि फांदी मोडली' म्हणतो. माझ्या मित्रानं तीन औषधं घेतली आणि तो बरा झाला, हे खरं. पण तिसऱ्या प्रकारात दोनच औषधांनी चारांतले तीन बरे होत होते. मग त्याच्या बरं होण्यातून तिसऱ्या गोळीबद्दल काय सिद्ध होतं? काहीही नाही. तिच्याशिवाय तो बरा झाला नसता, असं म्हणायला आधारच नाही. एका माणसाकडे पाहून हे कळूच शकत नाही, मग तो माणूस आपला कितीही जवळचा असो.

तिसरं उदाहरण ड जीवनसत्त्वाचं. २०१० च्या सुमारास इटलीतल्या संशोधकांना दिसलं की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, त्यांना उपचाराचा गुणही कमी येतो. २०११ मध्ये इस्रायलमधला ७२ रुग्णांचा अभ्यास आला. ड जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी ८६ टक्के बरे, न दिलेल्यांपैकी ४२ टक्के. स्वस्त, सोपी, निरुपद्रवी गोळी. कुणाला आवडणार नाही? पण इतर काही ठिकाणी असा फायदा मिळाला नाही.

नैयायिक याला उपाधी म्हणतात. त्यांचं ठरलेलं उदाहरण : विस्तव असेल तिथं धूर असेलच, असं म्हणता येत नाही, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही उपाधी. ती नजरेआड झाली की खोटी व्याप्ती खरी वाटते. इथं पाहा, ड जीवनसत्त्वावर पहिली प्रक्रिया यकृतातच होते. यकृत जास्त बिघडलेलं असेल तर रक्तात ते कमी पडू शकतं, आणि यकृत जास्त बिघडलेलं असेल तर उपचाराचा गुणही कमी येतो. मग कमी जीवनसत्त्व हे कारण, की बिघडलेल्या यकृताची खूण? खुणेवर उपचार करून रोग हटत नाही.

अशा जोडी आणखीही झाल्या. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या. जुलाबावर आपल्याकडेही मिळणारं नायटाझोक्सानाइड इजिप्तमध्ये चौथ्या प्रकारच्या रुग्णांना दिलं, तेव्हा २००९ च्या अहवालात ७९ टक्के विरुद्ध ५० टक्के असा फरक दिसला. इजिप्तसाठी ही मोठी गोष्ट होती. तिथं पूर्वी परजीवींच्या रोगावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली, सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या, आणि त्यातून हिपॅटायटिस सी गावोगावी पसरला होता. एका औषधानं रोग आणला, दुसऱ्या साध्या औषधानं तो जाईल, अशी आशा वाटणं साहजिक होतं. पण तोही फायदा पुढच्या अभ्यासांत टिकला नाही.

आता कुणी म्हणेल, घेतली एखादी जास्तीची गोळी तर बिघडलं कुठं? न्यायशास्त्रात गरजेपेक्षा जास्त गृहीत धरण्याला 'गौरव' म्हणजे जडपणा हा दोष मानतात. वादात तो दोष कागदावर राहतो. इथं तो शरीरावर पडतो. अमँटाडीननं झोप उडते, चक्कर येते, वयस्कांना भ्रम होतो. इंटरफेरॉननं आधीच मन खचलेल्या माणसाला हे दिलं जात होतं. शिवाय खिशाला भार आणि खोट्या आशेचा भार, तो वेगळाच.

मात्र सगळ्या जोडी एकाच जातीच्या नव्हत्या. काही औषधं विषाणूवर जोडली गेली, काही माणसासाठी. रिबाविरिननं तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन घसरतं, मग डोस कमी करावा लागतो. तिथं किडनीच्या रुग्णांना देतात ते एरिथ्रोपोएटिन देऊन पाहिलं. २००४ च्या १८५ रुग्णांच्या चाचणीत ते मिळालेल्यांपैकी ८८ टक्के जणांचा रिबाविरिनचा डोस टिकला, इतरांत ६० टक्क्यांचा. अशा औषधांचेही धोके आहेत आणि २००७ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल कडक इशारा निघाला. जर्मनीत १८१ रुग्णांना इंटरफेरॉनच्या आधीपासून नैराश्यावरची एस्सिटालोप्राम किंवा प्लासिबो दिलं. २०१२ चा निष्कर्ष : प्लासिबो गटात ५९ टक्क्यांना नैराश्य आलं, औषधाच्या गटात ३२ टक्क्यांना. इथं कुणी म्हटलं नाही की यानं विषाणू मरेल. माणूस उपचार सोसू शकेल का, एवढाच माफक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर स्पष्ट मिळालं.

मग २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आलं. थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालणारी गोळी. अमेरिकेत १२ आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि आपल्याकडे ती त्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळू लागली. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. नव्या गोळ्यांच्या जोडीनं नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. इंटरफेरॉन गेलं, अमँटाडीन विसरलं गेलं. आणि रिबाविरिन? सोफोसबुविरला पहिली मंजुरी मिळाली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी त्याच्या जोडीला रिबाविरिनच होतं! आजही यकृत फार बिघडलेल्या काही रुग्णांत ते देतात.

तर मंडळी, यातून मला काय दिसतं ते सांगतो. मी मित्राला विचारलं, "कशी काम करते?" आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना 'का' आणि 'कसं' यांचं वेड. पण ज्याचं 'कसं' कळलं नाही ते औषध चाललं, आणि ज्याचं 'कसं' सुंदर होतं ते चाललं नाही. मी विचारायला हवं होतं ते असं : ही गोळी न घेतलेल्यांशी तुलना केली का? किती जणांत? आणि उपचार संपल्यावर किती दिवसांनी पाहिलं? मी हे विचारलं असतं तर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं असतं की लहान अभ्यास आहेत, मोठा अजून व्हायचा आहे. मग घ्यायची की नाही हे मित्रानं ठरवलं असतं, पण आपण काय ठरवतो आहोत हे त्याला माहीत असतं. माझ्या 'मग घे की' नं ते त्याच्याकडून काढून घेतलं. त्याची बोच मला आहे.

ज्यांनी जोड देऊन पाहिली त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. श्वाब यांनी, रायकार्ड यांनी, बोलोन्याच्या मंडळींनीही पाहिलं ते नोंदवलं, छापलं, म्हणून तर इतरांना ते तपासता आलं. वाया गेले ते असंख्य दवाखान्यांतले प्रयोग, जिथं गोळी दिली गेली आणि पुढे काय झालं हे कुठंच लिहिलं गेलं नाही. त्या रुग्णांनी सोसलं, आणि त्यातून पुढच्याला काहीच मिळालं नाही.

मित्र आज ठणठणीत आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. तो हसला. म्हणाला, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी. मला तर त्या तिसऱ्या गोळीनंच वाचवलं." मी वाद घातला नाही. पण उद्या त्यानं दुसऱ्या कुणाला तीच गोळी सुचवली, तर मात्र घालीन.

प्रश्न असतील तर घेऊ.